दोघांच्या मापाची होडी

तेवीस नोव्हेंबर, रविवार, सकाळ. ठरलेली रक्कम बावीस हजार रुपये. हजर माणसं तीन: मी, वहिनी आणि होडी विकत घेणारा त्यांचा शेजारी. जागा कोकणातल्या एका खाडीचा काठ. होडी सपाट बुडाची, बारा फूट लांब, साडेचार फूट रुंद. तिच्यात निम्मा हिस्सा माझा होता आणि निम्मा वहिनींच्या नवऱ्याचा. तो माझा मित्र. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तो वारला.

नागपूरच्या माणसाचा समुद्रावरच्या होडीत हिस्सा कसा, हे मला ऑफिसात पुष्कळांनी विचारलं आहे, म्हणून ते आधी सांगतो. मी रामदासपेठेत राहतो आणि हिशेब खात्यात काम करतो. मित्र कोराडीला वीजकेंद्राच्या वर्कशॉपमध्ये होता, राहायलाही तिथल्याच वसाहतीत. माझी काही वर्षं त्या बाजूच्या ऑफिसात बदली झाली होती, तेव्हा सकाळच्या बसमध्ये ओळख झाली. तो कोकणातला. तीस वर्षं नागपुरात काढून, इथलीच मुलगी करूनही त्याला खाडी सुटली नव्हती. निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा त्यानं क्वार्टरच्या मागच्या अंगणात प्लायवूडची होडी बांधायला घेतली.

मी म्हणालो, "तिकडे होड्या मिळत नाहीत का?"

"मिळतात. पण गोल बुडाच्या. त्यात तू उभा राहिलास की पहिल्याच दिवशी आंघोळ. सपाट बुडाची वीतभर पाण्यात चालते, वाळूवर सरळ बसते आणि तुझ्यासारखा हिशेबनीस तिच्यात उभा राहून मासे मोजू शकतो."

अर्धे पैसे मी घातले. दोर आणायला आम्ही दोघं इतवारीत गेलो. दुकानदारानं विचारलं, "विहिरीसाठी पायजे का?"

"होडीसाठी," मित्र म्हणाला.

"फुटाळा तलावात टाकून राहिले का?"

"समुद्रात."

दुकानदारानं एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "मंग जास्तच घ्या ना भाऊ. इथून समुद्रापर्यंत पुरला पायजे."

रंग देताना अडचण आली. वीजकेंद्रातून उडणारी कोराडीची राख. रंग ओला असताना वारा फिरला आणि पूर्ण बाजूवर बारीक कण बसले. घासून पुन्हा हात दिला, पुन्हा तेच. शेवटी मित्रानं ब्रश ठेवला. "राहू दे. एवढी वर्षं छातीत घेतली, थोडी होडीलाही." डाव्या बाजूवर हात फिरवला की ती खरखर शेवटपर्यंत लागायची.

तो निवृत्त झाला, होडी कोकणात रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून गेली, आणि त्यानंतर दरवर्षी दिवाळी उरकली की मी दहा दिवस तिकडे जायचो. बायको एकदा आली. समुद्राचा खारट वारा तिला सोसला नाही. पुढे ती म्हणायची, "तुमचं तुम्ही जा. मला तेवढेच दहा दिवस टीव्ही मिळतो."

मी मासे खात नाही. हे वाचून हसू येईल, पण तसं आहे. आमच्या घरात कोणी खात नाही. मी गरी टाकायचो, मासा ओढायचो, मोजायचो आणि मित्राकडे द्यायचो. तो खायचा. वहिनीही खात नसत. नागपूरच्या माहेरी झणझणीत सावजी रश्श्यावर वाढलेल्या बाईला समुद्राचे मासे मिळमिळीत वाटायचे.

होडीत कामं वाटलेली होती. वेळ काढणं माझं. मित्रानं पहिल्याच वर्षी तिथलं गणित शिकवलं: तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पाच-दहा मिनिटं मागेपुढे. मला ते इतकं आवडलं की नागपुरात असतानाही कॅलेंडरसमोर उभा राहून मी मनात भरती काढायचो. होडी कुठं न्यायची, कुठं बांधायची, परत कधी फिरायचं, ते सगळं त्याचं. त्याबद्दल मी कधी विचारलं नाही.

वजनही वाटलेलं होतं. होडीत दोनच फळ्या, एक पुढे, एक मागे. मध्ये फळी नाही. एकाच टोकाला माणूस बसला तर दुसरं टोक वर उचलतं आणि सपाट बूड लाटेवर थाडथाड आपटतं. स्टेशनवरच्या काट्यावर आम्ही वजनं केली होती. मी एकाहत्तर, तो त्रेसष्ट. फरकाचा आठ किलोचा नांगर त्याच्या फळीखाली. वल्ही माझ्याकडे. वल्हवणाऱ्याचं तोंड होडीच्या मागच्या बाजूला असतं, त्यामुळे जायची वाट तो बघायचा आणि मी त्याला.

यंदा दिवाळीच्या आधी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, होडीचं काय करायचं? छपराखाली पालथी पडून आहे. शेजारी घ्यायले तयार आहे. पण तुम्ही ठेवा म्हणाल तर ठेवू."

मी म्हणालो, "येतो आणि बघतो. एकट्यानं जमलं तर ठेवायची, नाही जमलं तर विकायची."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच.

मी त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पोचलो. शेजारी आणि त्याच्या भावानं होडी सुलटी करून पाण्यात ढकलून दिली. पहिल्या दिवशी खाडीच्या तोंडापर्यंत गेलोच नाही, काठाकाठानं फिरलो. पुढचं टोक खाली दबत होतं, मागचं हवेत. सवय नसलेले दंड भरून आले. साडेअकराच्या सुमारास भरती पूर्ण असताना परतलो, पाण्याच्या कडेला होडी लावली, काठावरच्या उंडीच्या झाडाला दोर बांधला आणि घरी आलो. दंड इतके दुखत होते की तीन दिवस गेलोच नाही.

मधे एका तिथीचा क्षय होता, त्यामुळे चौथ्या दिवशी पंचमी होती. हिशेबानं पावणेचारला भरती. मी साडेतीनला डबा घेऊन काठावर हजर. पाणी आलं, वेळेवर आलं, आणि होडीपासून वीसेक पावलांवर थांबलं. मी वाट पाहिली. मग ते मागे जायला लागलं.

नागपूरच्या माणसाला तळ्याचा काठ म्हणजे काठ. सकाळी जिथं असतो तिथंच संध्याकाळी. मी होडी पौर्णिमेच्या उधाणाच्या, म्हणजे पंधरवड्यातल्या सगळ्यांत उंच भरतीच्या, रेघेवर बांधली होती आणि उधाण सरलं होतं. पाऊणपटीनं भरतीची वेळ कळते. ती कुठवर येणार ते मित्र बघायचा. तो रोज होडी खाली खोल पाण्यात नांगरून, गुडघाभर पाण्यातून चालत वर यायचा. मी तोवर काठावर उभा राहून मासे मोजत असायचो.

मी होडीला खांदा लावला. हलली नाही. सपाट बूड ओल्या वाळूला चिकटून बसतं. दोघांनी एकेक टोक उचललं तर ती चालते, एकट्याला कुठूनही धरली तरी दुसरं टोक जमिनीत असतं.

शेजारी आपल्या जाळ्यावरून बघत होता. "काय वो नागपूरवाले, होडी झोपली काय?"

"उद्या उठेल."

"उद्या? ती आता अमावास्येशिवाय उठायची नाय. चार माणसं लावू काय?"

"नको."

"का वो? चार माणसांचा चहा परवडत नाय?"

मी हसलो, पण नको म्हणालो. चार माणसांनी ढकलायची तर एकट्याचं काय जमलं? ऑफिसात फोन करून रजा वाढवून घेतली. साहेबांनी कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं, की होडी अडकली आहे. ते म्हणाले, ठीक आहे.

पुढचे दिवस मी रोज भरतीच्या वेळी जाऊन होडीत माझ्या फळीवर बसायचो. पाणी खाली यायचं आणि खालच्या खालीच परत जायचं. सपाट बुडाची असल्यामुळे होडी जमिनीवरही अगदी सरळ बसलेली होती, पाटासारखी. बगळे जवळ यायचे. समोरची फळी रिकामी. बोलायला कोणी नव्हतं. नागपूरला असताना वर्षभर जे साठवून आणायचो, पेट्रोल किती झालं, मुलीनं पुण्यात कितीला खोली घेतली, ऑफिसात कोणाला मेमो मिळाला, ते सगळं त्याच फळीवर उतरवायचं असे. यंदाही मी ते घेऊन आलो होतो.

एकदा वहिनी चहा घेऊन काठावर आल्या. होडीच्या कडेवर कप ठेवला आणि म्हणाल्या, "काहून जीव काढून राहिले भाऊजी? मासे तर तुम्ही खात बी नाही."

"आता घेतलं आहे तर बघतो."

"अन् जमलं तर?"

"तर ठेवू. दरवर्षी येत जाईन."

त्यांनी मान हलवली. वाळूकडे बघत राहिल्या. मी म्हणालो, "काय झालं?"

"काही नाही. माझा भाऊ नागपूरले बोलावून राहिला. वरची खोली रिकामी आहे म्हणते. मी म्हटलं, होडीचं ठरू दे आधी. तुम्ही ठेवली तर तिले पाहायले कोणीतरी लागन ना इथं. पावसात छपराखाली घ्या, उन्हात ओलं पोतं टाका. हे करत होते ना, मले माहीत आहे सारं."

"तुम्हाला जायचंय का वहिनी?"

"मले?" त्या हसल्या. "इथं सहा वर्षं झाले. दुकानात मी बोलली की अजून लोक वळून पाहतात. हे होते तवर ठीक होतं, घरात तरी कोणी आपल्यासारखं बोलणारं होतं." मग कप उचलला. "पण तुम्ही त्याच्यासाठी विकू नका बरं. तुम्हाले जमलं तर ठेवा. मी राहीन."

होडी ठेवायची की नाही, हा प्रश्न इतके दिवस माझ्या दंडांचा होता.

अमावास्येचा दिवस आला. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मी दहालाच गेलो. धक्क्यावरच्या किराणा दुकानातून एक रिकामं पोतं आणि बादली घेतली. दुकानदाराच्या काट्यावर वाळूची एक बादली तोलली: चौदा किलो. पोतं होडीतच मागच्या फळीवर उभं केलं, कारण भरल्यावर मला उचलवलं नसतं, आणि साडेचार बादल्या घातल्या. त्रेसष्ट. नांगर त्याच्या फळीखाली सरकवला.

पाणी आलं. आधी बुडाखाली पातळ पसरलं, होडी एकदा करकरली, आणि मग इतक्या दिवसांची जड वस्तू अचानक हलकी झाली. मी एका हातानं ढकलली. ती निघाली. शेजाऱ्यानं लांबून शिट्टी मारली.

होडी दोन्हीकडे समतोल होती. लाटेवर आपटली नाही. मी खाडीच्या तोंडापर्यंत, जिथं आम्ही नेहमी थांबायचो तिथं गेलो, नांगर टाकला, गरीला कोळंबी लावली. मुडदुशी लागायला लागल्या, एकामागून एक, सात. एवढ्या मला एका बैठकीत पूर्वी कधी मिळाल्या नव्हत्या. सातवी ओढली आणि सवयीनं हात समोर केला. समोर पोतं होतं. पाणी उडून ते एका बाजूनं भिजलं होतं आणि त्या बाजूला जरा कललं होतं. मी मासा मागे घेतला. मग तो खाली बादलीत टाकला.

परत येतानाही वल्हवणाऱ्याला मागेच बघावं लागतं. खाडीच्या तोंडापासून उंडीच्या झाडापर्यंत मी त्या पोत्याकडे बघत आलो. होडी या वेळी खाली, खोल पाण्यात नांगरली आणि गुडघाभर पाण्यातून चालत वर आलो. एकट्यानं जमलं होतं, सगळं.

मासे शेजाऱ्याच्या घरी दिले. त्याची बायको म्हणाली, "तुम्ही ठेवा की दोन." मी म्हणालो, आमच्याकडे खाणारं कोणी नाही.

वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. "जमलं?"

"जमलं."

"मंग?"

"तुमच्या भावाला फोन करा. परतीची दोन तिकिटं काढतो."

त्यांनी पदर तोंडाशी नेला. मग उठून आत गेल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "मले खिडकीची पायजे बरं."

रविवारी शेजारी होडी बघायला आला. बूड ठोकून पाहिलं, दोर ओढून पाहिला, फळ्यांवर बसून पाहिलं. मग डाव्या बाजूवर हात फिरवून थांबला. "हे खरखरीत काय लागतंय?"

"राख आहे," मी म्हणालो. "रंगात बसलीय. निघत नाही."

"इथं राख कुठली?"

"कोराडीची."

त्याला ते कळलं नाही, पण पुन्हा रंगवायला लागेल म्हणून त्यानं पाचशे कमी केले. मी घासाघीस केली नाही. त्यानं एकवीस हजार पाचशे दिले. दहा हजार सातशे पन्नास वहिनींना, तितकेच मला. पोत्यातली वाळू मी उंडीच्या झाडाखाली ओतली. पोतं खाऱ्या पाण्यानं खराब झालं होतं, म्हणून त्याचे वीस रुपये धक्क्यावरच्या दुकानदाराला दिले.