पाचवी ओळ

आमच्या कारखान्यात वाफारा घ्यायचं मशीन बनतं. खोक्यात घालायचा इंग्रजी सूचनांचा कागद बाई लिहायच्या. आम्ही पॅकिंगवाल्या त्यांना ‘डू नॉट’बाई म्हणायचो आणि त्याही हसून ओ द्यायच्या. ‘प्लीज’ कुठे शोभतं, ‘मेक शुअर’ कुठे हवंच, यावर त्या तासभर वाद घालत. हट्ट मात्र एकच. धोक्याची ओळ कामाच्या आधी आली पाहिजे.

"माणूस आधी सगळं वाचून मग काम करत नाही गं," त्या मला सांगायच्या. "वाचत वाचत करतो."

त्या दुपारी नव्याने छापलेला कागद त्यांच्या हाती पडला आणि तो घेऊन त्या थेट साहेबांकडे गेल्या. चौथी ओळ होती, पाणी संपलं की पुन्हा भरा. आणि पाचवी, ‘बिफोर रिफिलिंग’, म्हणजे पुन्हा भरण्याआधी, स्विच बंद करून प्लग काढा. साहेबांनी परस्पर खालचं वर केलं होतं. तापलेल्या मशीनचं झाकण उघडलं की उकळतं पाणी अंगावर उडतं, हे आमच्या झाडूवालीलाही ठाऊक आहे.

"वरच धोका दिसला तर गिऱ्हाईक बिचकतं," साहेब म्हणाले. "आणि ओळ आहे की कागदावर."

होती ना. वरातीमागून घोडं.

"गाडी थांबवा," बाई म्हणाल्या. हाच कागद घातलेली खोकी घेऊन गाडी सकाळीच गेली होती. त्याच गाडीतून एक खोकं त्यांनी लेकीकडे धाडलं होतं, पोरगी सर्दीने बेजार होती म्हणून. ते आठवलं आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यांनी फोन माझ्या हाती दिला, नंबर मी लावला. लेक उचलेना. पुन्हा लावला, स्पीकरवर टाकला.

"आई, बरं वाटलं गं वाफेने. पाणी संपलंय, आता परत भरतेय."

"पाचवी ओळ वाचलीस?"

"अजून चौथीवरच आहे. तूच शिकवलंयस ना, एक ओळ वाचायची, तेवढं करायचं, मग पुढची. थांब, फोन खाली ठेवते, दोन्ही हात लागतील."

"नको," बाई म्हणाल्या. मग ओरडल्या, "नको, नको, नको." सगळं पॅकिंग थांबलं. फोनमधून आधी झाकण फिरवल्याचा आवाज आला, आणि मग लेकीचा.