किल्लेदाराचा डावा पाय

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला मरण्याचा पगार सुरू झाला. वेळ दहा ते सात, मध्ये अर्धा तास जेवण.

त्याआधीची बावीस वर्षं मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. ब्रेकचे सुटे भाग तयार व्हायचे आणि मी ते मोजायचो. मालकाच्या मुलांना त्या जागेवर इमारत उभी राहिलेली बघायची होती. ती राहिली आणि मी घरी बसलो. पुढे ओळखीतून हिंजवडीतल्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो. ही कंपनी मोबाइल आणि कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायची. समोर सत्तावीस वर्षांची एक मुलगी बसली होती. बोलण्यावरून लातूरकडची वाटली.

"काका, गेम खेळता का?"

"नाही."

"मग येतं काय तुम्हाला?"

"चूक सापडते."

तिनं माझ्या जाड बोटांकडे बघितलं. "असेच पाहिजेत," म्हणाली.

का, ते मला आठवडाभरानं कळलं. कंपनी एक मोठा खेळ बनवत होती. त्यात खेळणारा एक हेर असतो. गावोगाव फिरायचं, माणसं जोडायची, हत्यारं आणि ताकद कमवायची आणि शेवटी किल्ल्याच्या दरवाजात किल्लेदाराशी लढायचं. हा किल्लेदार त्या मुलीनं घडवला होता. तो तीन टप्प्यांत लढे, प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा कठीण. हातात गदा, अंगानं दरवाजाएवढा. पण गदा मारण्याआधी पाऊण सेकंद तो डावा पाय उचलायचा. न चुकता. तो पाय दिसला की बाजूला व्हायचं. दिसूनही उभं राहिलात, तर मेलात.

"मारलं तर चालतंय काका," ती म्हणायची, "फसवलेलं चालत नाही. मेलेल्या माणसानं म्हणलं पाहिजे, माझंच चुकलं. ज्या दिवशी तो खेळाला शिव्या घालील त्या दिवशी आपण हारलो."

मी एक रजिस्टर घातलं. प्रत्येक मरणाची नोंद आणि पुढे रकाना: चूक कुणाची. पहिल्या महिन्यात बहुतेक ठिकाणी "माझी" असं लिहिलं. एकदा मात्र "खेळाची" लिहिलं. तिसऱ्या टप्प्यात मशालींचा धूर यायचा आणि त्यात किल्लेदाराचा पाय झाकला जायचा. ती लगेच जाऊन बसली आणि तासाभरात धूर गुडघ्याच्या वर सरकवला. कामात असं कुणी ऐकून घेण्याची मला सवय नव्हती.

ऑफिसातली बाकीची मंडळी किल्लेदाराला चहा पिता पिता लोळवायची. त्यांच्या जिंकण्यावरून काहीच समजत नव्हतं; म्हणून तिला माझ्यासारखा अडाणी हात हवा होता. तेव्हा मी तिला वर्कशॉपमधला लाल जॉब सांगितला. आमच्याकडे भाग तपासायला एक फिक्स्चर असे, म्हणजे साचाच. भाग त्यात बसवला की हिरवा नाहीतर लाल दिवा लागायचा. त्या साच्याशेजारी साखळीला एक मुद्दाम बिघडवलेला भाग, आमच्या भाषेत जॉब, लटकवलेला असायचा, लाल रंग दिलेला. रोज पाळी सुरू होताना पहिल्यांदा तो साच्यात घालायचा. लाल दिवा लागला तर साचा ठीक. त्यालाही हिरवा लागला, तर साचा बिघडलाय, लाइन थांबवा. जो साचा सगळ्यांना पास करतो, तो काही तपासतच नाही.

तिनं ऐकलं आणि हसली. "म्हणजे आपला लाल जॉब तुम्हीच की."

तसं ठरलं. रोज दहा वाजता नवं बिल्ड, म्हणजे रात्रीपर्यंतचे सगळे बदल घातलेली खेळाची ताजी आवृत्ती, आधी मी खेळायची. मी मनापासून खेळायचं आणि दुसऱ्या टप्प्यात मरायचं. मी मेलो की बिल्ड पास. हुद्दा फारसा भारदस्त नव्हता, पण बावीस वर्षांत इतका उपयोगी मी कधी पडलो नव्हतो.

कंपनीच्या संस्थापकांना, म्हणजे सरांना, भारदस्त गोष्टी आवडत. वय बत्तीस. स्वागतकक्षाच्या भिंतीवर त्यांनी "आम्ही विश्व घडवतो" अशी स्टीलची अक्षरं लावून घेतली होती. त्या विश्वात बाथरूमचा नळ वर्षभर गळत होता. खेळाला पैसा लावू शकणारी मोठ्या कंपनीची माणसं बघायला येणार असं ठरलं, तेव्हा फुलांच्या रांगोळीची, शालींची आणि नारळांची ऑर्डर गेली. पाहुण्यांसमोर किल्लेदाराला सर स्वतः हरवणार होते. अडचण एवढीच होती की किल्लेदाराला हे कुणी सांगितलं नव्हतं. तालमीत सर नऊ वेळा मेले. नवव्या वेळी त्यांनी कंट्रोलर टेबलावर जपून ठेवला. आपटण्यापेक्षा ते वाईट दिसलं.

"खूप हार्ड आहे," ते तिला म्हणाले.

"सर, तुम्ही पाय बघतच नाहीत."

आजूबाजूच्या खुर्च्यांची किरकिर थांबली.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी दहाला मी नेहमीसारखा खेळायला बसलो. पहिला टप्पा गेला. दुसऱ्यात माझा हेर अर्धमेला झाला. आता संपतंय असं वाटत असतानाच किल्लेदारानं पाय उचलला, गदा उचलली आणि तो घुटमळला. मी उशिरा हललो, तरी वार हलकाच लागला. तिसऱ्या टप्प्यात तेच. चार मिनिटांत किल्लेदार गुडघ्यावर आला आणि पडद्यावर सोन्याची अक्षरं झळकली. मी जिंकलो होतो.

मागे ती उभी होती.

"काका, तुम्ही जिंकायलात की."

"हो."

"हिरवा दिवा लागला म्हणायचं."

किल्लेदाराचा कोड लिहिणाऱ्या प्रोग्रामरनं आमच्याकडे बघायचं टाळलं. ती त्याच्या टेबलापाशी गेली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "वरून आलं, मी काय करू? खेळणारा मरायला टेकला की किल्लेदार दबकतो आणि निम्म्यानं मारतो. काल संध्याकाळी घातलं. कुणाला दिसणार नाही, राव."

ती सरळ केबिनमध्ये गेली. दार उघडंच राहिलं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं. ती म्हणाली, खेळणाऱ्याला न सांगता त्याला जिंकवणं म्हणजे त्याचा सगळा खेळ खोटा करणं. सोपं करायचंय तर सोपी पातळी वेगळी द्या आणि तिच्यावर तसं लिहा. सर म्हणाले, आजचा दिवस जाऊ दे. ती म्हणाली, आज घातलेलं उद्या कुणी काढत नाही. मग सरांचा आवाज एकदम गोड झाला. "तुझं नोकरीचं कन्फर्मेशन या शुक्रवारी आहे ना? आज काही फसलं तर मला दोन्हीचा विचार करावा लागेल. किल्लेदाराचा आणि तुझा."

ती बाहेर आली आणि जागेवर बसली. तिनं आईला लातूरहून आणून भोसरीत दोन खोल्या घेतल्या होत्या, हे मला माहीत होतं. मी भाड्याचा करार वाचून दिला होता.

मग सर माझ्याकडे आले. "काका, तुमचं ते रजिस्टर पाहुण्यांना दाखवणार आहे मी. आपली प्रोसेस. आजचं ओके लिहून ठेवा."

मी पेन उघडलं. रकाना समोर होता.

हे मी आधी एकदा केलेलं होतं. भोसरीत एका सकाळी लाल जॉबला हिरवा दिवा लागला. गिऱ्हाईक कंपनीचे ऑडिटर फाटकात गाडी लावत होते, मालक माझ्या बाजूला उभा होता आणि मी तक्त्यावर "ओके" लिहिलं. त्या पाळीचा माल आठवड्यानं परत आला. साच्यावरच्या ऑपरेटरला बोलावलं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, सकाळी लाल जॉबला हिरवा लागला होता ना? तुम्ही होता." मी म्हणालो, मला आठवत नाही. त्याला काढलं. तो आता भोसरी ते आळंदी शेअर रिक्षा चालवतो. मी चऱ्होलीत राहतो, त्यामुळे अधूनमधून त्याच्याच रिक्षात बसावं लागतं. पैसे घेतो, सुटे देतो, बोलत नाही.

मी पेन बंद केलं. रकाना कोरा ठेवला. याला धैर्य म्हणत नाहीत. लिहायचं टाळलं, एवढंच.

पाहुणे अकराला येणार होते. वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकून पावणेबाराला आले. तिघं होते. दोघांनी शाली घेतल्या. तिसरी, पन्नाशीची बाई, शाल हातावर तशीच ठेवून पडद्यासमोर बसली. सरांनी भाषण केलं. त्यात "प्रवास" हा शब्द अकरा वेळा आला; मला मोजायची खोड आहे. मग ते खेळले. मरायला टेकले, किल्लेदार घुटमळला आणि सर जिंकले. टाळ्या पडल्या. ती आपल्या नखांकडे बघत होती.

"मी बघू?" पाहुण्या बाईंनी कंट्रोलर मागितला.

त्यांची बोटं चालू लागताच मला कळलं की यांचा जन्म यात गेलाय. पहिला टप्पा त्यांनी एकही वार न खाता संपवला. दुसरा सुरू झाला आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले. हेर नुसता उभा. किल्लेदारानं पाय उचलला, गदा मारली. पुन्हा मारली. हेराचा जीव तळाला आला. मग किल्लेदार घुटमळला, हलकं मारलं, परत घुटमळला. बाई कंट्रोलरला बोटसुद्धा लावत नव्हत्या. पन्नास फुटी खोलीत नुसता किल्लेदाराच्या श्वासाचा आवाज येत होता.

"ये मुझे मार क्यों नहीं रहा?" त्यांनी विचारलं.

सर हसले. "ॲक्सेसिबिलिटी, मॅम. कुणालाही खेळता यावं म्हणून. आमची टेस्टिंग खूप कडक आहे. सगळं तपासलेलं असतं. काका, सांगा ना."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. फक्त तिची वळली नाही. ती खाली बघत होती आणि टेबलाखाली तिचा एक पाय सारखा हलत होता.

"आज सकाळी मी जिंकलो," मी म्हणालो.

"बघा," सर म्हणाले.

"मी जिंकलो, हा दोष आहे. मला खेळता येत नाही, म्हणूनच मला ठेवलंय. मी दुसऱ्या टप्प्यात मरतो, तेव्हा लढत बरोबर असते. कालपर्यंत रोज मरत होतो."

मी रजिस्टर नेऊन बाईंसमोर ठेवलं आणि कोऱ्या रकान्यात त्यांच्या देखत लिहिलं: "टेस्टर जिंकला. बिल्ड नापास." अक्षर वाईट आलं. बाईंनी मागची पानं उलटली. धुराच्या नोंदीपाशी थांबल्या.

"कालचं बिल्ड आहे?"

प्रोग्रामरनं सरांकडे बघितलं. सरांनी रांगोळीकडे. कालचं बिल्ड लागलं.

कालच्या किल्लेदारानं बाईंना दोनदा मारलं. पहिल्यांदा त्यांनी भुवई उचलली. दुसऱ्यांदा तिसऱ्या टप्प्यात, अगदी शेवटी, त्या एक वार जास्त मारायला गेल्या आणि पाय उचललेला दिसूनही थांबल्या नाहीत. गदा पडली. त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला आणि पहिल्यांदा हसल्या. "मेरा ही लालच," म्हणाल्या. जाताना "कळवू" एवढंच म्हणाल्या. शाल खुर्चीवर राहिली.

सर केबिनमध्ये गेले. यावेळी दार बंद. सातला बाहेर आले आणि प्रोग्रामरशी काहीतरी बोलले. आम्हाला म्हणाले, "उद्याच्या बिल्डमध्ये काय ते दिसेल."

ती पिशवीत तिचा कप भरत होती. "दबकणारा किल्लेदार राहिला तर मी थांबत नसते काका. कन्फर्म केलं तरी."

"आणि आई?"

"तिलाच विचारलं दुपारी. म्हणाली, परत सामान बांधायला किती वेळ लागतोय."

दुसऱ्या दिवशी दहाला बिल्ड आलं. प्रोग्रामर म्हणाला, "मला बोलायला मना केलंय. खेळून बघा." मी बसलो. ती मागे उभी राहिली, पिशवी खांद्याला.

मला मरायचं होतं. आयुष्यात कशाची एवढी इच्छा मी क्वचितच केली असेल. आणि तेच करता येत नव्हतं. मुद्दाम मेलो असतो तर तपासणी खोटी ठरली असती; लाल जॉबनं साच्यात नीटच बसायला हवं. म्हणून मी जीव तोडून खेळलो. पहिला टप्पा गेला. नेमका त्या दिवशी माझा हात बरा चालत होता. दुसऱ्यात मी तीन वार चुकवले, जे मला कधी जमत नाही. मग हेराला एक फटका बसला, दुसरा बसला आणि तो मरायला टेकला. काल इथूनच किल्लेदार दबकायला लागला होता.

त्यानं डावा पाय उचलला. मला दिसला. मी बटण दाबलं, पाऊण सेकंदापेक्षा किंचित उशिरा.

तो घुटमळला नाही.

पडदा काळा झाला. मग तिनं पिशवी खांद्यावरून काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. आतला कप वाजला.

"चूक कुणाची, काका?"

"माझी," मी म्हणालो आणि रजिस्टर उघडलं.