डभईच्या लढाईला आठ नावं

करजण स्टेशनात गाडी काही कारण न सांगता थांबली, तेव्हा उजाडत होतं. नाना चहाला उतरले. नाना म्हणजे बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले आमचे पुण्याचे ज्येष्ठ खेळाडू. सकाळचा चहा त्यांना पेशव्यांच्या खालोखाल प्रिय आहे. चहावाल्याने कप हातात ठेवला आणि गाडी हलली. नाना थेंबही न सांडता चढले, पण चढताना दाराजवळच्या पेटीला त्यांचा पाय लागला आणि पेटी आडवी झाली. पेटीत शिशाचे एकशेचाळीस सैनिक, सहा तोफा आणि एक हत्ती होता. उघडून पाहिलं तर सैनिक शाबूत होते; हत्तीची सोंड मात्र मुळापासून गेली होती.

"सेनापतीचाच हत्ती ना?" नाना चहा फुंकत म्हणाले. "मग हरकत नाही."

नाना असं का म्हणाले ते सांगायला हवं. आमचा खेळ टेबलावरच्या लढाईचा. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, त्यावर पुठ्ठ्याच्या टेकड्या, रंगवलेला ओढा आणि अंगठ्याच्या पेराएवढे सैनिक. मोजपट्टीने अंतर मोजून सैन्य पुढे न्यायचं, कोण मेलं ते फाशांनी ठरवायचं. परदेशात मोठी माणसं हे उघडपणे खेळतात. सैनिकांची आयात सुरू झाल्यावर आपल्याकडेही मोठी माणसं उघडपणे खेळू लागली आणि मग अर्थातच स्पर्धा, उद्घाटनं आणि प्रमुख पाहुणे आले.

मी अकरा वर्षांपूर्वी डभईच्या लढाईचे नियम लिहिले. दोन्हीकडे मराठेच. एका बाजूला पुण्याचे पेशवे, दुसऱ्या बाजूला सेनापती. पेशवे जिंकले, सेनापती हत्तीवरच मारला गेला. डभई (गुजरातीत डभोई) बडोद्यापासून तासाभरावर आहे, आणि ज्या घराण्यांनी पुढे बडोदं उभं केलं ती त्या दिवशी सेनापतीच्या छावणीत होती. ही लढाई पुण्याहून उचलून बडोद्यात खेळायला नेणं हे मला सौजन्याचं वाटत होतं. तिथल्या माणसांना आणखी काही वाटेल हे सुचलं नाही.

माझ्यापुढे अडचण एकच होती. आयोजकांनी कळवलं होतं की, रविवारी दुपारी बारापर्यंत ज्या खेळाच्या कागदावर आठ खेळाडूंच्या सह्या होणार नाहीत, त्याला पुढच्या वर्षी टेबल मिळणार नाही. पंच म्हणून माझी सही धरली जाणार नव्हती. पुण्याहून नाना धरून तिघे आले होते. पाच बडोद्यात मिळवायचे होते.

आणि बडोद्यात अजित होता.

अजित नोकरीनिमित्त काही वर्षं पुण्यात होता तेव्हा माझ्याच टेबलावर खेळायला शिकला. नंतर घरी परतला आणि अंतराळातल्या सैनिकांचा खेळ घेऊन बसला. ते सैनिक प्लास्टिकचे, चिलखतात गुरफटलेले. अमेरिकेहून येणाऱ्या प्रत्येक भाचीच्या बॅगेत ठेपल्यांची जागा रिकामी झाली की तिथे ते भरले जातात. असा खेळ चालणार नाही, असं मी त्याला पत्राने कळवलं होतं. दोन वर्षांत त्याच्याकडे चाळीस खेळाडू झाले. मला मत्सर वाटला असं कोणी म्हणेल. मी त्याला अभिरुचीची काळजी म्हणत असे.

स्टेशनवर तो नवी गाडी घेऊन आला होता. "आवो, आवो (या, या)," म्हणत त्याने चौघांच्या पिशव्या एकट्याने उचलल्या. माणूस चांगला असला की मत्सर करणं किती अवघड होतं, ते मी पुढे दोन दिवस अनुभवलं.

आधी सेव-उसळ झाली. वाटाण्याचा लालभडक रस्सा, त्यावर मूठभर शेव, सोबत पाव. नाना दुसऱ्या घासाला डोळे पुसत म्हणाले, "हे गोड खाणाऱ्यांचं गाव आहे ना?" मग हत्ती दुरुस्त करायला अजित मला जुन्या बडोद्यातल्या वाडी भागात घेऊन गेला. गाडी बाहेर लावून चालत आत शिरलो. पोळ (एका फाटकातून आत जाणारी घरांची गल्ली) इतकी अरुंद की समोरून बाई आली तर एकाने ओट्यावर चढायचं. संक्रांत उलटून आठवडा झाला होता तरी तारांवर पतंग लटकत होते. देवांचे मुकुट करणाऱ्या एका मराठी कारागिराने हत्ती तळहातावर घेतला.

"कोणाचा?"

"सेनापतीचा."

"पडला कुठं?"

"करजणला."

त्याने सोंड जागेवर चिकटवली, वर केसाएवढ्या तारेचा वेढा दिला आणि हत्ती परत देताना म्हणाला, "डभोईपर्यंत तरी जाऊ द्यायचं होतं."

मी हसलो. अजित हसला नाही. मला तेव्हाच काही कळायला हरकत नव्हती.

स्पर्धा मांजलपूरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये होती. आदल्या दिवशी लग्न झालेलं, त्यामुळे मंचावर मखमली सिंहासनं तशीच होती आणि प्रमुख पाहुण्यांना नवरदेवाच्या जागी बसवलं होतं. शेजारची जागा रिकामी. हे गृहस्थ व्हॉल्व्हचे कारखानदार होते. त्यांनी पाच वातींपैकी चार पेटवल्या, पाचवीला पंखा आड आला, आणि मग बुद्धिबळाने बुद्धी कशी वाढते यावर पंचवीस मिनिटं भाषण केलं. कोणी दुरुस्त केलं नाही. "बहु सरस (फार छान)," आयोजक जिग्नेशभाई माइकवर म्हणाले, आणि आम्ही बुद्धिबळासाठी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवता वाजवता मी टेबलं मोजली. एकूण वीस. त्यातली तेरा अंतराळाची. चार दुसऱ्या महायुद्धाच्या रणगाड्यांची; तिथे जर्मन व्हायला रांग होती. दोन ड्रॅगन आणि बुटक्यांची. एक माझं, हात धुण्याच्या बेसिनांजवळ. दोन दिवस माझ्याजवळून प्रत्येक खेळाडू किमान दोनदा गेला, ओल्या हातांनी.

तेरा टेबलांवर काय चाललंय ते मी पाहून आलो. पंच म्हणून ते माझं काम नव्हतं. माणसं ओरडत होती, फाशांना शिव्या देत होती, हरलेला जिंकणाऱ्याला चहा पाजत होता. एका डॉक्टरीणबाईंचा जांभळा राक्षस शेवटच्या फाशाने वाचला, तर तेराही टेबलांवरची माणसं धावत आली. सैनिकांचं रंगकाम सामान्य होतं. हे मी दोनदा तपासलं.

माझ्या टेबलावर पहिल्या दिवशी दोन बडोदेकर आले. एक मीनाताई, शाळेत इतिहास शिकवणाऱ्या, संस्थानच्या काळातल्या कारभाऱ्यांच्या घरातल्या. दुसरे त्यांचे दीर. सेनापतीची बाजू हवी असं मीनाताईंनी बसण्याआधीच सांगून टाकलं. नानांना पेशवे हवेच होते, तेव्हा इथवर सगळं सुरळीत. मी लढाईची पार्श्वभूमी वाचून दाखवली. पंधरा मिनिटं, आमची तशी पद्धत आहे. मीनाताई सुरेख खेळल्या. दोन पाळ्यांत त्यांनी नानांचं निम्मं पायदळ मोडलं. तिसरी पाळी संपली आणि मी नियमाप्रमाणे हत्ती उचलून पेटीत ठेवला.

"हे काय?"

"कलम चौदा. तिसऱ्या पाळीच्या शेवटी सेनापती पडतो, सैन्य पांगतं."

"कोणी पाडला? फासे तर टाकलेच नाहीत ने."

"इतिहासात पडला आहे."

"ते मला माहीत आहे, मी सातवीला शिकवते," मीनाताई म्हणाल्या. "पण मग मी शनिवार कशाला घालवला? आम्ही एकदा हरलोय ते पुरेसं नाही का?"

दीर उठले. हात धुवायला गेले आणि परत आले नाहीत. सह्या त्यांनी आधीच केल्या होत्या, म्हणून कागदावर पाच नावं राहिली. त्यानंतर दिवसभर जो कोणी बेसिनाकडे यायचा तो विचारायचा, "इथेच सेनापती आपोआप मरतो का?" आणि हात पुसत निघून जायचा.

संध्याकाळी अजितच्या घरी जेवण होतं. त्याची बायको सुनंदावहिनी मराठीत वाढत होत्या, मुलीला गुजरातीत रागावत होत्या आणि वरणात गूळ होता. उंधियू इतका उत्तम होता की त्याचाही मला थोडा राग आला.

"किती झाले?" अजितने विचारलं.

"पाच."

"माझे तीन जण पाठवतो उद्या सकाळी. सह्या करतील, एक डाव खेळतील. तू टेन्शन नको घेऊ."

"नको."

"का?"

"आपल्या पायांनी आले तर हवेत."

"भावोजी, बटाटा घ्या ने," वहिनी मध्ये म्हणाल्या. "ह्यांचं ऐकू नका. ह्यांना सगळ्यांना वाढायची सवय आहे."

अजितने पान बाजूला केलं. "मग ते चौदावं कलम काढ."

"ते काढलं तर ती डभईची लढाई राहत नाही."

"पुण्यातही मी हेच बोललो होतो, आठवतं? तू म्हणालास, ज्याला शेवट बदलायचा आहे त्याने राक्षसांशी खेळावं. मी तेच केलं ने."

तो पुणं सोडून गेला तेव्हा आमचं टेबलही सोडून गेला होता, ते बदलीमुळे, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो.

रविवारी सकाळी हॉलवर पोचलो तेव्हा त्याच्या तेरा टेबलांवर खुर्च्या भरल्या होत्या. माझ्याकडे मीनाताई एकट्याच उभ्या होत्या. चष्मा विसरल्या म्हणून आल्या होत्या. मी पेन काढलं आणि त्यांच्यासमोर कलम चौदावर आडवी रेघ मारली.

"बसता का?"

त्यांनी रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पार्श्वभूमी वाचणार असाल तर नाही."

नाना माझ्या कानाशी आले. "मग हा इतिहास राहिला का?"

"आठ नावं झाली की पुन्हा इतिहास," मी म्हणालो. "खेळा."

पुढे जे झालं त्याचा दोष नानांचा नव्हता. नाना अकरा वर्षं एकाच पद्धतीने खेळत आले होते. सगळं घोडदळ सरळ पुढे. मागे कोणी ठेवायचं नाही, कारण तिसऱ्या पाळीनंतर मागे यायला शत्रू उरतच नसे. त्यांनी तसंच केलं. मीनाताईंनी हत्ती ओढ्यापलीकडे मागे घेतला आणि नानांच्या घोड्यांना हवं तेवढं पुढे येऊ दिलं. तिसरी पाळी संपली. सवयीने माझा हात हत्तीकडे गेला आणि मी तो मागे घेतला. चौथ्या पाळीत त्यांच्या दोन तुकड्या टेकडीला वळसा घालून निघाल्या.

"त्या तिकडे कुठे चालल्या?" नाना म्हणाले.

"पेशव्यांना भेटायला," मीनाताई म्हणाल्या.

पेशव्यांजवळ एक तोफ आणि चार भालाईत होते. नानांनी मोजपट्टी लावून पाहिली, घोडदळ परतायला दोन पाळ्या लागणार होत्या. त्यांनी पुन्हा मोजलं. एव्हाना अंतराळवाल्यांचा एक फेरा संपला होता आणि हात धुवायला आलेली माणसं ओले हात तसेच धरून थांबली होती. गुजरातीत पैजा सुरू झाल्या. मीनाताईंना पाच किंवा सहा हवा होता. त्यांनी फासा टाकला. तो टेकडीवरून घरंगळत ओढ्यात थांबला. सहा.

जोराचा आवाज झाला. आमच्या टेबलावर असा आवाज मी प्रथमच ऐकला, आणि तो पेशवे पकडले गेल्याबद्दल होता.

सहावी आणि सातवी सही लगेच झाली. एक रणगाड्यांकडून आलेला, एक त्या जांभळ्या राक्षसाच्या डॉक्टरीणबाई. दोघांनाही सेनापती हवा होता. बाराला दहा मिनिटं होती. अजित कडेला उभा होता आणि त्याच्या खिशाला पेन होतं. तो पुढे येईल या भीतीने मी कागदावर हात ठेवला. तेवढ्यात जिग्नेशभाईंच्या वडिलांनी, ज्यांना मी दोन दिवस हॉलचे रखवालदार समजत होतो, माझा हात बाजूला करून गुजरातीत सही केली. "मने पण हाथी आपो (मलाही हत्ती द्या)," ते म्हणाले.

आठ झाले. मग मला अजितने सही केली नाही याचं वाईट वाटलं.

"करणार होतो," तो म्हणाला. "पण तू म्हणाला असतास, उपकार केला. पुढच्या वर्षी पेशव्यांकडून बसतो. बडोद्यात त्यांना कोणी मिळणार नाही."

बक्षीस समारंभात जिग्नेशभाईंनी माझ्या टेबलाचा खास उल्लेख केला आणि नियम बदलण्याच्या कल्पनेबद्दल अजितभाईंचे आभार मानले. टाळ्या भरपूर पडल्या. रेघ मी मारली होती, हे सांगायला माझ्याकडे माइक नव्हता.

परतताना भरूचला नाना चहालाही उतरले नाहीत. नर्मदेचा पूल ओलांडल्यावर म्हणाले, "पुण्यात चौदावं कलम राहील."

"राहील," मी म्हणालो.

वहिनींनी दिलेला लीलो चेवडो (बटाट्याचा ओलसर, आंबटगोड चिवडा) त्यांनी उघडला आणि तिघे लढाई पुन्हा लढू लागले. घोडदळ कुठे थांबवायला हवं होतं, तोफ कुठे वळवायला हवी होती. अकरा वर्षांत खेळ संपल्यावर या विषयावर आमच्यात कधी चर्चा झाली नव्हती. चर्चेला काही उरत नसे.

मी खिडकीशी बसून दोन दिवसांचा हिशोब मनाशी मांडू पाहत होतो. जाताना मला अजितच्या चाळीस माणसांचा हेवा वाटत होता. परतताना तो कमी झाला असं लिहिता आलं असतं तर हे प्रवासवर्णन अधिक शोभलं असतं. तो कमी झाला नाही, मीनाताईंकडे वळला. चौथ्या पाळीत, हत्ती जिवंत असताना, पुढे काय होणार हे माहीत नसताना त्या टेबलावर वाकून उभ्या होत्या, तसा मी माझ्या स्वतःच्या लढाईवर कधी वाकलो नाही. मी नेहमी घड्याळ पाहत असे.

पुढच्या वर्षी पंच दुसरा कोणी होवो. मला अजितसमोर बसायचं आहे, सेनापतीकडून. नानांना हे कसं सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.