पाठमोरे दामूअण्णा

दामूअण्णा बातमी ऐकायचे ती पाठ फिरवून. पुण्याच्या एका पेपराचे ते वेल्ह्याचे बातमीदार. कोणी बोलायला लागलं, की गर्रकन वळायचे आणि डोंगराकडे बघत उभे राहायचे. "बोला. नाव नगं. तोंड बघितलं की नाव जिभेवर येतं."

मला आधी हसूच यायचं. काय हा माणूस! शेळी हरवली तरी पाठ, सरपंच चिडला तरी पाठ.

मग खाणीच्या वादावरून पासलीजवळच्या आमच्या वाडीवर मारामारी झाली. जमावबंदी लागली, मोबाईलचं नेट बंद झालं, आणि पेपरांना ताकीद मिळाली की सरकारी पत्रकाबाहेरचं एक अक्षर छापायचं नाही. पत्रकात होतं, 'कोणीही जखमी नाही.' आणि मी, गावची आशा सेविका, त्याच सकाळी तीन डोकी बांधून आले होते! खाणीच्या ठेकेदाराच्या माणसांनी घरात घुसून मारलं होतं. पट्टी बांधताना एक म्हातारी म्हणाली, "पोरी, तू तरी सांग की कुणाला. आमी मेलो तरी न्हाईच म्हनतील."

विंझरला एसटीची वाट बघताना अण्णा दिसले. मी जवळ गेले तशी ते वळले. मी त्यांच्या पाठीला सगळं सांगून टाकलं.

"डोळ्यानं बघितलं?"

"हातानं बांधलं."

"मग छापतो."

छापलं. लगेच पोलिसांचं बोलावणं आलं. चार दिवस रोज बाकावर बसवून एकच प्रश्न, सांगणारा कोण? अण्णांचं एकच उत्तर, "साहेब, पाठीमागनं आवाज आला. म्या कुठं बघितलं?" पेपरानं त्यांना काढून टाकलं. आणि मी? काम जाईल म्हणून गप्प बसले. लाज वाटते लिहायला. पुढे अण्णा एसटीत दिसले तर मीच तोंड फिरवायचे. रात्रंदिवस जिवाला नुसती टोचणी होती.

ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मात्र राहवेना. भोरला त्यांच्या घरी गेले. भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"अण्णा, तेव्हा विंझरला ती..."

"सुमन, ये, बस."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तवाच आवाज वळखला व्हता की. पर बघितलं न्हवतं, हे बी खरंच हाय." आणि खोकत खोकत हसले.

आठ दिवसांनी अण्णा गेले. आता पाठ फिरवून ऐकणारं कोणी उरलं नाही, म्हणून तोंडावरच सांगते. त्या सकाळी तीन माणसं जखमी होती. डोकी मी बांधली. सांगणारी मीच, पासलीची सुमन.