धुऱ्यावरची हाळी

आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण वावर मोठं आणि नवरा पार तुरीच्या पलीकडच्या टोकाला असला, तर त्याला जेवायला बोलवायचं कसं? शेलूबाजारजवळच्या आमच्या वावरात माय धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहायची. तोंडाशी हात धरून हाळी द्यायची, "होऽऽ!" तुरीतून बाबांचं तसंच "होऽऽ" यायचं. ते आल्याशिवाय ती शिदोरीची गाठ सोडत नसे. उशीर झाला, की बाबा आल्या आल्या म्हणायची, "कान फुटले काय तुमचे?" बाबा नुसते हसायचे. मग दोघं निंबाखाली जेवायला बसायची, मी मधे घुसायची. काय दिवस होते ते! त्या ठेच्याची चव अजून जिभेवर आहे.

बाबा गेले आणि मायचं दुपारचं जेवण सुटलं. सकाळी चहा, रात्री दोन घास, बस्स. टोकलं तर म्हणायची, "भूकच नाई लागत वं." डॉक्टर झाले, टॉनिकं झाली, माय वाळून काडी झाली. मी तोंडाची फाटकी. एकदा चिडून म्हटलं, "तुले बी जाचं हाये काय त्याइच्या मागं?" तिनं नुसतं बाबांच्या फोटोकडे पाहिलं. बाप गेलाच होता, आता मायही हातची जाते की काय!

शेवटी आत्याच म्हणाली, "वहिनीले समुद्र दाखवू. घरात बसून बसून मन कुजून राह्यलं तिचं." आत्या म्हणजे बाबांची बहीण, बोलण्यात कोणाला हार जाणारी नाही. भावानं जीप काढली आणि आम्ही चौघं कोकणात गेलो. मासळीच्या धास्तीनं आत्यानं ज्वारीचं पीठ आणि ठेच्याची बरणी घरूनच घेतली होती. उतरलो त्या घरच्या बाईचा तवा मागून तिनं सकाळीच भाकरी थापल्या आणि फडक्यात बांधून माझ्याजवळ दिल्या. समुद्र दिसला तशी म्हणाली, "बाप्पा बाप्पा! येवढं पानी, अन् एक वावर भिजत नाई!"

ओहोटी पाहून नाववाला आम्हाला गुहा दाखवायला घेऊन निघाला. लुगड्यावरून ते नारिंगी जाकीट घालताना माय लाजली. नाव हलायला लागली तसं तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"भेऊन राह्यली काय वहिनी?"

"मी कायले भेऊ?" माय म्हणाली, पण मनगट काही सोडलं नाही.

कडा सरळ पाण्यात उतरला होता आणि त्याच्या पोटात गुहा होत्या. त्यातल्या मोठीत नाववाल्यानं नाव घातली आणि इंजिन बंद केलं. आत गारवा होता, अंधार होता, वरून पाणी ठिबकत होतं. "आवाज द्या," तो म्हणाला, "ही परत देते." भावानं आपल्या पोराचं नाव घेतलं, ते परत आलं. आत्यानं देवाचं नाव घेतलं, तेही आलं. मी काय ओरडावं या विचारात होते, तेवढ्यात माझं मनगट सुटलं.

मायनं तोंडाशी हात धरला होता.

"होऽऽ!"

बाबा गेल्यापासून तिची हाळी मी ऐकली नव्हती. क्षणभर नुसतं पाणी वाजलं. मग आतून, अंधाराच्या पार टोकाकडून आलं, "होऽऽ."

आत्यासारखी आत्या, तिनंही पदर तोंडाला लावला. भाऊ दुसरीकडे पाहायला लागला. मला रडू आवरेना. माय मात्र अंधारात एकटक पाहत होती. जरा वेळानं, अगदी रोजच्या आवाजात, ती म्हणाली, "कान फुटले काय तुमचे? केवढा उशीर!"

मग माझ्याकडे वळली. "भाकर काढ वं. भूक लागली मले."

नाववाला म्हणाला, "आजी, बाहेर पडल्यावर जेवा, इथं नाव हलेल." पण मायनं माझ्या मांडीवरचं फडकं ओढून घेतलं होतं आणि गाठ सोडलीही होती.