सगळं घर ठसकलं तरी

राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकताना माझी झोप उडाली आणि घरी त्याचं कौतुक सुरू झालं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरगी जागते म्हणजे अभ्यासच करते, एवढा सरळ हिशेब. शेवगावकडच्या आमच्या गावात थोरले काका येईल-जाईल त्याला सांगायचे, "आमची पोरगी डोळ्याला डोळा लावत न्हाई. पोस्ट काढनारच." खरं तर मी पुस्तक उघडं टाकून भिंतीकडे बघत पडलेली असायचे. सकाळी प्रात्यक्षिकाला उभी राहिले की डोळ्यांपुढे वाफे हलायचे. त्या कौतुकाची मला चीड यायची.

हॉस्टेलवरच्या माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने एका संध्याकाळी मला ओढतच व्यायामशाळेत नेलं. पाठ ताठ ठेवून, मांड्यांच्या जोरावर लोखंडी दांडा जमिनीवरून उचलायचा. पहिला आठवडा मी जिना उतरताना पायरीपायरीला आई गं म्हणत होते. मग हळूहळू दांड्यावरची वजनं वाढली आणि अंग टाकलं की डोळे मिटायला लागले. वाचलेलं डोक्यात राहू लागलं. वजनं उचलून सगळ्यांनाच झोप लागते का, मला माहीत नाही. मला लागली.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. जेवून आडवी झाले ती एकदम सकाळी उठले. दुसऱ्या दिवशीही तेच. आई घाबरली. तिने मीठ, मोहरी, लाल मिरच्या माझ्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. दृष्ट लागलेली असेल तर मिरच्यांचा ठसका उठत नाही, असा आमच्याकडचा नियम. इथे सगळं घर ठसकलं. काका डोळे पुसत ओट्यावर पळाले.

"दिष्ट तर न्हाई," आई चुलीकडे बघत म्हणाली, "मग एवढी झोपती कशी?"

मी खोकत खोकत व्यायामशाळेचं सांगून टाकलं. काकांनी ओट्यावरून ऐकलं.

"बंद कर ते. वजनं उचलून कुठं पोस्ट निघती व्हय? हॉस्टेल सोड. परीक्षा हुईस्तोवर हितंच ऱ्हा, मी जागवतो तुला."

घरी राहिले तर वजनं गेली, आणि वजनं गेली की झोप गेली. मग भीतीपेक्षा संतापच वर आला. याच घरात आई डोक्यावर गवताचे भारे आणते, तेव्हा कुणी बंद कर म्हणत नाही.

"काका, इतके दिवस जागून बघितलं. नुसते डोळे सुजले. मी राहुरीला जानार, वजनं उचलनार आन् झोपनार."

"आन् पोस्ट निघाली न्हाई तर?"

"न्हाई तर न्हाई. तरी झोपनार."

आमच्या घरात बाई दिवसा आडवी होते ती फक्त तापाने फणफणली तरच. मी भर दुपारी, काकांच्या देखत आतल्या खोलीत जाऊन पडले. मागोमाग आई आली. उठवायला आली असं वाटून मी डोळे घट्ट मिटले. तिने दाराला कडी लावली.

"सरक जरा तिकडं," म्हणाली, आणि माझ्याशेजारी आडवी झाली.

बाहेरून काका चहासाठी हाका मारत राहिले. आम्ही दोघी उठलो नाही.