भावोजींचे वायसर

पडदा वर जातो तेव्हा समोर एक हमरस्ता आहे. मळकट ऊन, कडेने लांबच लांब गेलेला पत्र्याचा कठडा, आणि एका खांबापाशी पाना घेऊन उकिडवा बसलेला माणूस. हे माझे धाकटे दीर.

उमेदीत ते आमच्या नाटक कंपनीचं नेपथ्य उभारायचे. प्रयोगात मी कितीही रागाने दार आपटून गेले तरी भिंत थरथरायची नाही. सगळे त्यांना ‘घट्टोपंत’ म्हणत. कंपनी बंद पडली आणि ते रस्त्याच्या कामाला लागले. गाडी धडकली की वाकलेला पत्रा काढायचा, नवा जोडायचा. दरवेळी त्यांना दिसायचं, धडकेत पत्रा खांबापासून सुटलाय, बोल्टचं डोकं पत्र्याच्या भोकातून निसटून बाहेर आलंय. हा त्यांना आधीच्या लोकांचा हलगर्जीपणा वाटला. मग ते प्रत्येक खांबाच्या बोल्टच्या डोक्याखाली पदरचा रुंद वायसर, लोखंडी चकती, घालू लागले. आता हत्तीने ढकललं तरी सुटायचा नाही, असं जेवताना मला ऐकवायचे.

एका वळणावर गाडी आदळली. पत्रा खरंच सुटला नाही. खांब आडवा झाला, त्याने पत्र्यालाही खाली ओढलं, आणि गाडी त्यावरून चढून पलीकडच्या नाल्यात गेली. चालवणारी शिक्षिका जागीच गेली. मुकादमाने वायसर नाचवत विचारलं, हा शहाणपणा कुणाचा? तो जोड सुटायलाच हवा, म्हणजे खांब पडला तरी पत्रा वरच राहून गाडी अडवतो, हे भावोजींना तेव्हा कळलं.

काम गेलं. उरलेले वायसर काढा म्हणून ते विनवत राहिले. मुकादमाचं ठरलेलं उत्तर, पुढच्या दुरुस्तीला बघू. शेवटी स्वतःच पाना घेऊन जाऊ लागले. ओळखीचे चिडवत, “काय घट्टोपंत, आता सैल करायला निघालात?” ते मान खाली घालून पुढे जायचे. बोल्ट गंजलेले, छातीत धाप. एक दिवस कठड्यापाशीच कोसळले.

दवाखान्यात मी उशाशी बसले. वाटलं, जुन्या प्रयोगांबद्दल काही बोलतील. त्यांनी बोटाने मला जवळ बोलावलं.

“वहिनी, पुलाअलीकडचे काढायचे राहिलेत. मुकादमाला नको, ज्याच्या हातात पाना असेल त्याला सांगा.”